गोदाबाईची कात

आधीच सांगून ठेवते, कोळी म्हटलं की ज्याला झाडू आठवतो त्यानं हे ऐकूच नये. एका किड्यासाठी पोट्टीनं सख्ख्या बापाशी अबोला धरला, असं आमच्या अमरावतीतल्या अर्ध्या गल्लीचं म्हणून झालंय. म्हणू द्या. पुण्याला शिकायला होते तेव्हा माझी भाषा जरा धुऊन निघाली, पण राग आला की आतली वऱ्हाडी बाहेर येतेच, आणि सध्या मला राग आलेलाच आहे.

गोदाबाई म्हणजे माझी टॅरांटुला, मोठी कोळीण. दक्षिण अमेरिकेकडची जात, अंगभर केस, बसली की माझा तळहात भरायचा. पुण्यातल्या मैत्रिणीनं दिली तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी होती. शिक्षण संपवून मी परत आले, इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, आणि औषधाच्या डबीत बसून गोदाबाई माझ्यासोबत आली.

नाव माझ्या बाबांनी ठेवलं. खुशालराव त्यांचं नाव, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. त्यांची एक आत्या होती, गोदाबाई. दिवसभर एका कोपऱ्यात बसायची, कोणाशी बोलायची नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी पोटभर जेवायची, आणि तरी सगळं घर तिला टरकून असायचं. बाबांनी डबीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे बाप्पा! हे तर आमची आत्याच हाय!" झालं, तेच नाव पडलं.

आईला ती कधीच आवडली नाही. आईची मांजर पलंगावर झोपते, आईच्या ताटातली पोळी ओढते, ते चालतं. गोदाबाई आपल्या काचेच्या पेटीत गुपचूप बसलेली चालायची नाही. "फेक व ते ध्यान भायेर," असं ती दिवसाआड म्हणायची. पण तोंडावर म्हणायची. हे आत्ताच सांगून ठेवते, आईनं जे काय म्हटलं ते माझ्या तोंडावर म्हटलं.

बाबांचं उलट. मागच्या खोलीत अंड्यांचे ट्रे उभे लावून त्यांनी गोदाबाईसाठी रातकिडे पाळले. त्यांना गाजर किसून घालायचे. रातभर ती किरकिर चालायची आणि आई डोक्याला हात लावून बसायची. चौकातल्या कटिंगवाल्यापासून ते देवळातल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना बाबा सांगत फिरायचे, "माह्या आचलच्या हातावर चालते ते. पोट्टी भेतच नाई!" मी लाजायची, पण खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटायचं.

मागच्या वेळी गोदाबाईनं कात टाकली तेव्हा मी घरीच होते. टॅरांटुला कात टाकते ती पाठीवर पडून, आठही पाय वर करून. पाहणाऱ्याला वाटतं, मेली. आईला तसंच वाटलं. "मेली एकदाची," म्हणून ती झाडू घेऊन आली, तर बाबा बाळंतिणीला जपावं तसे पेटीसमोर आडवे झाले. "हात लावू नोको! बायतीण हाय समज!" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. अशा वेळी पेटी हलवायची नाही, वारा लागू द्यायचा नाही, आणि सुटल्यावर कितीतरी दिवस तिला हात लावायचा नाही, कारण नवीन अंग लोण्यासारखं मऊ असतं, दातसुद्धा मऊ. मुंगी आली तरी ती काही करू शकत नाही. बाबा तेवढा वेळ पंखा बंद करून घाम पुसत स्टुलावर बसले होते. घरात तिला ओळखणारे आम्ही दोघंच.

मग यंदा उन्हाळ्यात अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचं नाव अंकुर, जठारपेठेत त्यांचं मोटारपंपाचं दुकान. एकदा व्हिडिओ कॉल झाला, दोन्हीकडची माणसं घेरून बसलेली, त्यामुळे आम्ही काय बोलणार, कपाळ! पण हसायचा छान. खोटं खोटं हसत नव्हता. मला वाटलं, पाहायला काय हरकत आहे. येत्या रविवारी ते लोक आमच्याकडे येणार होते.

मी बाबांना एकच गोष्ट विचारली होती. "बाबा, त्यायले गोदाबाईचं सांगितलं ना? मी तिले सोबत नेणार हाय. लपवालपवी नोको."

"सांगितलं ना बाप्पा. सगळं सांगितलं."

"मंग? काय म्हणे?"

"काई नाई. हासले."

मी खूश झाले. हसले म्हणजे चांगलीच माणसं असणार.

त्याच आठवड्यात गोदाबाईनं खाणं सोडलं, पोटाचा रंग काळवंडला. गुरुवारी सकाळी पाहते तर बाईसाहेब पाठीवर! लॅबमध्ये माझ्यासोबतची मुलगी सुट्टीवर होती, जाणं भागच होतं. मी पेटीशी घुटमळत होते तर बाबांनी स्टूल ओढलं, पंखा बंद केला. "तू जाय. मी बसतो ना." आणि मी गेले. दुपारी फोन केला तर म्हणाले, "चालू हाय. काळजी करू नोको."

संध्याकाळी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले नाहीत.

"आचल, गेली व ते. अडकली कातीत. पाय सुटलेच नाई."

असं होतं कधी कधी. हवा कोरडी असली की कात चिकटते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात तर माणसाची चामडी चिकटते. तुला पाहवलं नसतं, म्हणून मी कढीपत्त्याखाली पुरली, असं बाबा म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. आईनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "मले ते आवडत नोती, पण तुह्या जिवाची होती." त्यावर मी आणखीच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुरपं घेऊन कढीपत्त्याखाली बसले. मला पाहायचं होतं, नेमकं अडकलं कुठं. पाणी कमी पडलं का, पेटी चुकीच्या जागी होती का, माझं काय चुकलं. माझी चूक शोधायला मी खणत होते, हे लक्षात घ्या.

खताच्या थैलीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. उघडली. पाय, केस, दात, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं, गोदाबाईच आहे. पण हातात घेतली तर वजनच नव्हतं. पाठीवरचं झाकण उघडलेलं, आत पोकळ, आठही पाय मोज्यांसारखे रिकामे. एकही टोक तुटलेलं नव्हतं. इतकी साफ सुटलेली कात मी कधी पाहिली नव्हती.

अडकली नव्हती. सुटली होती. जिवंत होती.

बाबा आरशासमोर दाढी करत होते. गालाला साबण. मी विचारलं, "बाबा, गोदाबाई कुठी हाय?"

त्यांनी माझ्या हातातली कात पाहिली आणि वस्तरा खाली ठेवला.

"अकोल्याच्या लोकायनं फोनवर म्हटलं," ते म्हणाले. "ते जनावर घरात असंन तर आमी येत नाई म्हणे. आता मी काय करू? पण मी मारली नाई, आचल. तुही शपथ. पुरी सुटेपर्यंत बसलो मी. एक पाय तुटू देल्ला नाई. मंग डब्यात घालून आपल्या चांदूरच्या वावरात सोडून आलो. मोकळी हाय ते."

ऐकताय ना? स्टुलावर बसून, पंखा बंद करून, घाम पुसत, तिला अख्खी सुटू दिली. आणि मग त्या लोण्यासारख्या मऊ जिवाला डब्यात घालून स्कूटरवर चांदूर रेल्वेपर्यंत नेलं आणि मे महिन्यात आमच्या शेतात, तापलेल्या काळ्या वावरात सोडून दिलं! हात लावायचा नसतो हे ज्याला घरात माहीत होतं, त्यानंच. आईनं केलं असतं तर मी म्हटलं असतं, तिला कळत नाही. बाबांना कळत होतं हो, सगळं कळत होतं.

"बसा गाडीवर," मी म्हणाले. "साबण पुसा आणि बसा. दाखवा कुठी सोडली ते."

मला फक्त ती जिवंत हवी होती. अख्खा रस्ता मनातल्या मनात मी जागा शोधत होते, कुठे सावली असेल, कुठे ओल असेल, कुठे शिरली असेल.

आमच्या वावराला पडलेल्या भेगांत हात जातो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कडुनिंब आहे, त्याच्या बुडाशी बाबांनी सोडली होती. सावली पाहून सोडली, असं दोनदा म्हणाले. मी पालथी पडून एकेका भेगेत मोबाईलचा उजेड टाकत गेले. बाबा दुसऱ्या बाजूनं पालापाचोळा उचलत होते आणि वेड्यासारखे हाका मारत होते, "गोदाबाई! ओ गोदाबाई!" कोळ्याला कान नसतात हेही मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

ती बाबांनाच सापडली. खोडापासून फार लांब गेली नव्हती. लाल मुंग्या लागल्या होत्या. पोट अर्धं उरलं होतं आणि एक पाय मुंग्यांनी निराळा ओढून नेला होता. बाबा उकिडवे बसून बोटांनी मुंग्या झटकायला लागले. त्यांनाही चावत होत्या, तरी झटकतच राहिले.

"राहू द्या," मी म्हटलं. "आता कायले?"

"मले वाटलं व, मोकळी राहीन."

मला इतका संताप आला की हातातला मोबाईल भिरकावून द्यावासा वाटला. पण बाबांवर ओरडण्याआधी मला दुसऱ्या कोणाला तरी जाब विचारायचा होता. चांगला हसणाऱ्या माणसानं माझ्या पाठीमागं अशी अट घालावी? मी अंकुरला फोन लावला. बाबा झटकन उठले. "आता नोको, आचल. घरी जाऊन कर." मी धुऱ्यावर चालत पुढे गेले.

"तुम्हाला माझी कोळीण चालत नव्हती तर मला सांगायचं होतं," मी सरळच म्हटलं. "बाबांना कशाला अट घातली?"

"कोळीण?" अंकुर गडबडला. "कसली अट? आम्ही कशाची अट घातली?"

"घरात कोळी असेल तर येणार नाही म्हणून."

मग तो हसला, तसाच, खरं खरं. "अच्छा, तुमच्या घरी कोळी निघाला का? अहो, घाबरू नका. तुमच्या बाबांनी सांगितलंय आम्हाला. पाल दिसली की तुम्ही पलंगावर चढता, झुरळ पाहून रडता. आई तर खूश झाली. म्हणाली, नाजूक मनाची दिसते पोरगी. तुम्ही बिनधास्त या, आमच्या घरात पाली नाहीत."

मी वळून पाहिलं. बाबा कडुनिंबाखाली उभे होते, मुंग्या चावलेली बोटं शर्टाला पुसत.

"हॅलो? आचल?"

"तुम्हाला कोणा दुसरीचं सांगितलंय," मी म्हटलं. "ती आमच्या घरी राहत नाही. रविवारी येऊ नका." आणि फोन ठेवला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आजही वाटतं, नीट बोलायला हवं होतं.

मी बाबांसमोर येऊन उभी राहिले. "पालीले भेते मी? झुरळ पाहून रडते?"

"मंग काय सांगू?" ते म्हणाले. "कोळी हातावर खेळवते म्हणून सांगू? अशी पोट्टी सून म्हणून कोण करते व घरात? लोकायले जशी पायजे तशी सांगा लागते."

"आन् चौकात कावून सांगत फिरत होते? पोट्टी भेतच नाई, पोट्टी भेतच नाई!"

बाबांनी मान खाली घातली. "चौकातलं येगळं असते, बाई. लग्नाचं येगळं असते."

गोदाबाई गेली, याचं रडू मला आधीच येऊन गेलं होतं. हे त्याहून वाईट होतं. मला वाटायचं, या जगात एक माणूस आहे ज्याला मी जशी आहे तशी आवडते. तो चौकात माझं कौतुक करत होता आणि फोनवर मला लपवत होता. मी त्यांच्यासमोर रडले नाही. आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यावर रडून झालं होतं, आणि त्याची मला शरम वाटत होती.

तिला आम्ही पुरलं नाही. मीच म्हटलं, पुरण्याचं नाटक एकदा झालं तेवढं पुरे. मुंग्यांनी जेवढं न्यायचं तेवढं नेलं. मी गाडी चालवली, बाबा मागे बसले.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाले, "आईले सांगू नोको हं. मेलीच म्हणू. तुह्या-माह्यात राहू दे."

मी घरासमोर गाडी स्टँडवर लावली आणि रस्त्यावरूनच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आईला हाक मारली.