द्राहुश्काच्या विमानाचे पंख

"येणार नाही, नाही आणि नाही," टोमॅटोच्या रोपाला काठी बांधता बांधता द्राहुश्का म्हणाली. "आणि ते कोलाचे परत घेऊन जा. क्वेताने केलेत ना? बुडाला करपलेत, इथवर वास येतोय."

कुंपणाबाहेर ओताकार त्या गोड, सारण भरलेल्या पावांची बशी धरून उभा. एकाहत्तर वर्षांचा गडी, लिपोवा गावच्या विमान क्लबचा मेकॅनिक, भल्याभल्या इंजिनांना वठणीवर आणणारा. पण या बाईपुढे उभा राहिला की गृहपाठ न केलेल्या पोरासारखी त्याची गत व्हायची.

"अगं, पण विमान तुझं आहे," तो म्हणाला.

"माझं होतं. आता माझ्या कोंबड्या आहेत."

"विमानाच्या नामकरणाला धर्ममाता लागते, नाकावर शॅम्पेन ओतायला. तुझ्याशिवाय कोण होणार?"

"क्वेताला कर. बाटली ओतायची तिला सवय आहे."

क्वेता म्हणजे क्लबची कँटीनवाली. ओताकारला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. हसला असता तर बाईंनी काठी फेकून मारली असती.

आता या द्राहुश्काचं काय सांगावं! एके काळी कसरतीच्या विमानात बसून ही बाई आकाशात अशा काही कोलांट्या मारायची की खाली बघणाऱ्यांच्या टोप्या पडायच्या. ओताकारला उडायला शिकवलं तेही तिनेच. तो पहिल्यांदा एकटा उडून खाली उतरला तेव्हा क्लबच्या रीतीप्रमाणे त्याच्या ढुंगणावर पहिला फटका हाणला तोही तिनेच, आणि रीतीला लागतो त्यापेक्षा चांगलाच जोरात हाणला. पुढे तिचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी परवाना काढून घेतला, आणि बाईंनी त्या दिवसापासून मैदानाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. दुकानात जायचं तरी चर्चच्या मागून वळसा घालून जायची. बारा वर्षं झाली.

आणि ओताकारला नेमकं तेच सहन होत नव्हतं. त्याला विमान दुरुस्त करायचं होतं हे खरं, पण सगळा खटाटोप कशासाठी, तर ती एकदा मैदानावर यावी म्हणून. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अर्थात क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

विमान म्हणाल तर झ्लिनच्या कारखान्यातलं, एकाच माणसाचं, खास कसरतीसाठी केलेलं. अशी मुळात मोजकीच बनली, त्यातली बरीचशी मोडीत गेली. हे वाचलं, पण कसं? बिनइंजिनाची ग्लायडरं आकाशात ओढून न्यायच्या कामाला जुंपून. तेव्हाच्या शहाण्यांनी त्याचा जुना रंग पत्र्यापर्यंत घासून काढला आणि वर भडक पिवळा फासला. राजघराण्यातल्या घोडीला टांग्याला जुंपावं तसंच झालं. ओताकार क्लबात आला तेव्हापासून त्याने ते पिवळंच पाहिलेलं.

सगळा हिवाळा तो आणि रादिम हँगरमध्ये होते. रादिम गावातला दातांचा डॉक्टर आणि क्लबचा सगळ्यात चांगला वैमानिक. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि संध्याकाळी येऊन विमानाचा गंज कोरायचा.

"सारखंच काम आहे काका," तो म्हणायचा. "फक्त हे ओरडत नाही."

शेपटाकडचं कुजकं कापड उचकटलं, नवीन ताणून बसवलं, त्यावर उग्र वासाचं वार्निश चोपडलं. पत्र्यावरचे पोचे काढले, लांबी भरली, पॉलिश पेपर मारून मारून दोघांच्या बोटांची सालं गेली. प्रायमरचे हात झाले. आणि मग मोठा प्रश्न आला: रंग कसा द्यायचा?

कसरतीच्या विमानाला पंखाची वरची बाजू एका नक्षीची आणि खालची दुसऱ्या नक्षीची लागते. हौस म्हणून नाही. स्पर्धेत खाली बसलेल्या पंचांना लांबून कळायला हवं, विमान सुलटं आहे की उलटं. द्राहुश्काच्या विमानाला एका बाजूला लाल किरण होते आणि दुसऱ्या बाजूला निळे चौकोन, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत होतं. पण वर काय आणि खाली काय? सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि ती कोंबड्या सांभाळत होती. ओताकारने कुंपणापाशी जाऊन विचारलंही. "मी काही रंगारी नाही," एवढंच उत्तर मिळालं.

शेवटी कँटीनमधला फोटो खाली उतरवला. बिअरच्या पिंपाच्या वर वर्षानुवर्षं टांगलेला, ओलीने अर्धा खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यात एक पंख तेवढा दिसत होता, निळ्या आकाशात, झगझगीत लाल किरणांचा.

"जमिनीवरून काढलाय," ओताकार म्हणाला. "म्हणजे हे पोट. किरण खाली, चौकोन वर. संपला विषय."

"संपला," रादिम म्हणाला.

"मला तरी शंकाच नव्हती," क्वेता म्हणाली. तिला कधीच कसलीच शंका नसायची.

मग चिकटपट्ट्या लावून, दोऱ्या ताणून, फवारा धरून ओताकारने जे काम केलं ते बघत राहावं असं. किरणांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. रोज रात्री घरी जाताना त्याच्या नाकातून लाल शेंबूड यायचा, पण गडी खूश होता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी विमान बाहेर काढलं. उडण्याआधी रादिम गवतावर डोळे मिटून उभा राहिला आणि दोन्ही हात पंखांसारखे वळवत आपल्याशीच नाचला. कसरतवाले सगळेच असे नाचतात, मनात एकदा उडून घेतात. बघणाऱ्याला वाटावं, याला झपाटलंय. मग तो आत बसला आणि उडाला. गावावरून एक सरळ, साधी, सभ्य फेरी मारली. कोलांटी नाही, काही नाही. पहिलंच उड्डाण ते.

एवढ्यात कँटीनमधला फोन खणखणला. क्वेताने उचलला आणि लगेच कानापासून हातभर लांब धरला. तरी बाहेर बसलेल्या ओताकारला एकेक शब्द ऐकू आला.

"अगं, तो मेला दातवाला उलटा उडतोय! इतक्या खालून! वेड लागलंय का त्याला?"

"द्राहुश्का? अगं, सरळ तर आहे."

"सरळ? मला शिकवतेस? किरण दिसतायत मला, किरण! आणि उतरायला वळलाय! डोक्यावर आपटेल पोरगा! इशाऱ्याचा लाल गोळा उडवा, थांबवा त्याला!"

आणि फोन आपटल्याचा आवाज.

काय झालं ते ओताकारच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो ताडकन उठला. तो पळत जाऊन फोटोपुढे उभा राहिला.

रादिम आपला सुखरूप उतरला आणि हसत हसत टोपी काढू लागला. तेवढ्यात फाटकातून सायकल घुसली. रबरी बूट, पोटाशी बांधलेला ॲप्रन, हातात विमानाला इशारा म्हणून फडकवायला दुसरा ॲप्रन, आणि पाठीमागे धूळ. अठ्ठ्याहत्तरीची बाई इतक्या वेगाने सायकल मारू शकते हे लिपोवाने तोवर पाहिलं नव्हतं.

"जिवंत आहेस?" तिने रादिमचा दंड धरून गदागदा हलवला.

"आहे की, काकू. सरळ उडून सरळ उतरलो."

द्राहुश्का विमानाजवळ गेली. अगदी जवळ, नाक टेकेल इतकी. मग गुडघ्यांवर बसून पंखाखाली डोकावली. मग उठून पंखाच्या वर बघितलं.

"कुठल्या गाढवाने हिला कपडे उलटे घातलेत?"

"मी," ओताकार म्हणाला. "त्या फोटोवरून. जमिनीवरून काढलेला, म्हणून मला वाटलं पोट..."

"अरे रेड्या, त्या फोटोत मी उलटी आहे! पालथं घातलं होतं मी विमान! ज्या बाईचा सगळा जन्म डोकं खाली करून गेला तिचा फोटो, आणि तुम्ही समजता ती सुलटी असेल? इतकी वर्षं त्याच्याखाली बसून बिअर ढोसता, एकालाही अक्कल नाही आली?"

क्वेता म्हणाली, "मला तरी पहिल्यापासून शंका होती." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ओताकार मात्र खचला होता. सगळा हिवाळा मातीत गेला होता, आणि तोही तिच्यादेखत. "चाकं दिसली नाहीत का तुला?" त्याने हळूच विचारलं. "चाकं खाली होती गं."

"नाही दिसत मला चाकं," द्राहुश्का म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. "धूसर दिसतं सगळं. रंग तेवढे दिसतात. आणि कान चांगलेत, तीच तर पंचाईत आहे. रोज इंजिनं ऐकू येतात. मला वाटलं, लांब राहिलं की सुटेल. नाही सुटत."

"मलाही नाही सुटत," ओताकार म्हणाला. "तू नसलीस की इथे करमत नाही मला. हे विमान वगैरे काही नाही, तुला आणायला केलं सगळं. आणि तेही धड जमलं नाही."

रादिम चटकन वळला आणि आकाशात कुठला तरी ढग फार लक्ष देऊन बघू लागला.

द्राहुश्काने पंखावर हात फिरवला, किरणाची कड बोटाने चाचपली. "कड चांगली धरलीयस," ती म्हणाली. तिच्या तोंडून त्याच्या कामाचं कौतुक हे पहिलंच. मग ती एकदम म्हणाली, "मला आत बसवा."

बसवलं. पट्टे आवळले. "चालू करू दे. फक्त गवतावर, टोकापर्यंत."

"काकू, डोळे..." रादिम म्हणाला.

"नाक वर करून उभं आहे विमान. यातून जमिनीवर समोरचं तुला तरी दिसतं का, दातवाल्या?"

ते खरंच होतं. म्हणूनच तर पंखाचं टोक धरून एक जण बाजूने चालत वाट दाखवतो. ओताकारने मुकाट्याने टोक धरलं. इंजिन फुरफुरलं, धडधडलं, आणि विमान निघालं. तो चालत होता. मग भराभर चालत होता. मग बिचारा पळायला लागला.

"हळू!" तो ओरडला. "द्राहुश्के, माझं वय झालंय!"

"मग सोड!" आतून आवाज आला.

त्याने सोडलं. इंजिनाने आवाज चढवला, गवत आडवं झालं, विमानाचं शेपूट जमिनीवरून अलगद उचललं गेलं आणि सगळं विमान आडवं, सरळ, पुढे धावत सुटलं. उडाली ही, असं ओताकारला वाटलं. रादिमने डोळे मिटून घेतले.

मग आवाज उतरला. शेपूट खाली टेकलं. विमान टोकाला वळलं आणि निवांत डुलत परत येऊन त्याच्यापुढे थांबलं.

द्राहुश्काने काच मागे सारली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायच्या भानगडीत पडली नव्हती.

"डावीकडे ओढतंय," ती म्हणाली. "आणि हा रंग उद्यापासून खरवडायचा. वरचा मी घेते, खालचा तू घे. मला वाकवत नाही."

"म्हणजे तू येणार उद्या?" ओताकारला धाप लागली होती, शब्द धड फुटत नव्हते. "आणि नामकरण?"

"आधी पोरीला कपडे सुलटे घाल, मग बारसं. येणार म्हणजे? न येऊन चालेल का? पुन्हा एखादा फोटो बघून रंगवशील."

ओताकार तिथेच गवतावर फतकल मारून बसला. तो हसत होता की रडत होता हे त्यालाही कळलं नाही, पण उठायची त्याला मुळीच घाई नव्हती.