जज्जसाहेबांची साक्ष

या, असे जवळ सरका. मागच्यांनी संकोच करू नका, पुढच्यांनी पाय जरा आवरते घ्या. देवाच्या दारात सगळ्यांना जागा असते, मग माझ्या खोलीत का नसावी? आज एका खटल्याची गोष्ट सांगतो. खून कुणी केला ते मात्र मला विचारू नका, ते त्या वरच्यालाच ठाऊक. मी सांगणार शिंप्याच्या दुकानाबद्दल, कारण खटला खरा चालला तो तिथंच.

झालं असं की एका बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंचा भर दुपारी कुणीतरी गळा दाबला. शाळेची घंटा होत होती तेव्हाच शेजारणीनं किंकाळी ऐकली. बंगल्याला रंग देणारा रंगारी जागेवर नव्हता. शिडी मात्र मागच्या खिडकीला टेकलेली, जेवणाचा डबा न उघडता पडलेला, आणि आदल्याच दिवशी बाईंशी त्याचं कडाक्याचं वाजलेलं. कशावरून? तर बाईंना भिंत हवी होती सायीच्या रंगाची, आणि यानं लावलेला रंग त्यांना कावीळ झाल्यासारखा वाटला. रंगाऱ्याला धरून नेलं. प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नव्हतं. सगळा पुरावा परिस्थितीजन्य.

हा शब्द दुकानात शिरला आणि शिलाई मशिनं थांबली.

"परिस्थितीजन्य म्हणजे काय हो, मास्टर?" शेजारच्या इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"सोपं आहे," शिंपीमास्टर गळ्यातली टेप सावरत म्हणाले. "त्याची परिस्थिती बेताची, बाईंची उत्तम. झाला पुरावा!"

"मग आपण सगळेच आत जाऊ की!"

हशा झाला. कोपऱ्यात काजं करत बसलेली बाई तेवढी हसली नाही. ती रंगाऱ्याची थोरली बहीण. तिच्यादेखत असं बोलू नये एवढी माणुसकी सगळ्यांना होती, म्हणून बोलताना सगळे आवाज खाली आणायचे. इतका खाली, की बिचारीला कान देऊन ऐकावं लागायचं.

आवाज खाली न आणणारा एकच होता. निवृत्त बस कंडक्टर. जगातल्या कुठल्याही भांडणाचा निकाल हा माणूस बसल्या जागी देऊन टाकायचा, म्हणून त्याला नाव पडलं होतं जज्जसाहेब.

"त्यानंच केलाय खून," जज्जसाहेब म्हणाले. "मला त्याचा चेहरा कधीच पटला नाही. सुट्टे असून नोट पुढं करणारा चेहरा आहे तो."

आता यातली गंमत बघा. त्या दुपारी शिडी चढताना रंगाऱ्याची पँट मागून टर्रकन उसवली होती. वर्तमानपत्र मागे धरून तो धावत याच दुकानात आला होता. बहिणीनं पँट शिवायला घेतली आणि हा पठ्ठ्या कुणाच्या तरी शिवायला आलेल्या फुलाफुलांच्या पडद्यात स्वतःला गुंडाळून बाकावर बसला. शाळेची घंटा झाली तेव्हा सगळं दुकान त्याला हसत होतं. म्हणजे खुनाबद्दल ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांना हेही ठाऊक होतं. पण पोलीस विचारायला आले तेव्हा मास्टर म्हणाले, "गिऱ्हाइकं येतात, जातात." इस्त्रीवाल्याला तर त्या दिवशी आपण आलो होतो की नाही हेच आठवेना. बहिणीनं सगळं सांगितलं, पण ती पडली बहीण. तिच्या शब्दाला वजन कुठलं?

वकील तिला म्हणाला, "बाई, ही पुराव्याची साखळी आहे. एक कडी तोडा. परका माणूस साक्षीला आणा, नाहीतर भावाची आशा सोडा."

तिनं मास्टरांपुढं हात जोडले.

"ताई, तुझं सगळं खरं," मास्टर म्हणाले, "पण मला कोर्टाची पायरी नको गं."

"माझ्या मुलीचं लग्न ठरतंय, वहिनी," इस्त्रीवाला पुटपुटला. "उगाच नाव कशाला पुढं यायला?"

ती परत जागेवर जाऊन बसली. सुईत दोरा काही जाईना.

"आणि मला का नाही विचारलंस?" जज्जसाहेब कडाडले.

"तुम्ही तर त्याला फाशी द्या म्हणता."

"म्हणतोच! पुन्हा म्हणेन! पण डोळे मला आहेत की नाहीत?"

असे हे रुसून कोर्टात गेले.

"आरोपी तुमचा मित्र का?" सरकारी वकिलानं खोचून विचारलं.

"मित्र? खून त्यानंच केलाय, साहेब. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

रंगाऱ्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. बहिणीनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"मग घंटा झाली तेव्हा तो कुठं होता?" सरकारी वकिलानं पुढं विचारलं.

"माझ्यासमोर. फुलांच्या पडद्यात."

"नक्की?"

"तेच तर! तेवढी एक अडचण सोडली तर माझं म्हणणं अगदी पक्कं आहे."

खरे न्यायाधीश बराच वेळ चष्मा पुसत राहिले. सरकारी वकिलानं फिरवून फिरवून विचारलं, पण आरोपीची बाजूच न घेणाऱ्या साक्षीदाराला फोडायचं तरी कसं? रंगारी सुटला.

दुकानात मास्टर आल्यागेल्याला सांगू लागले, "साक्ष आमच्याच दुकानातून गेली बरं का!" इस्त्रीवाल्याला तो निर्दोष असल्याचं म्हणे आधीपासूनच वाटत होतं. रंगारी सगळ्यांच्या पाया पडत जज्जसाहेबांपाशी आला तेव्हा ते म्हणाले, "निसटलास लेका. कसं जमवलंस तेवढं सांग."

झालं! सगळे खवळले. काय हे दगडाचं काळीज, निर्दोष माणसाला तोंडावर खुनी म्हणतो! जज्जसाहेबांना बाकावर कुणी जागा देईना. दोनदा आले आणि उभ्याउभ्याच परत गेले, आणि मग यायचेच बंद झाले.

बहीण मात्र त्यांच्या घरी जाते. शर्टाची निघालेली बटणं लावून देते. ते तिला अजून पटवून देत असतात की तिच्या भावानंच खून केलाय.

"असेल हो, दादा," ती दोरा दातानं तोडत म्हणते. "हात वर करा, बाही बघू द्या."

तर मंडळी, देवापुढं डोळे मिटाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या हट्टी कंडक्टरचीही आठवण काढा. त्याचं मत काय होतं ते देवाला सांगत बसू नका. तो कोर्टात गेला होता, एवढंच सांगा.