हळदीच्या आधीची कामं

धर्माजीने पहार उचलली आणि अंगणाच्या कोपऱ्यात मांडवाच्या खांबासाठी आणखी एक खड्डा खणायला घेतला. चैत्रातली जमीन तापून टणक झाली होती. पहार नुसती वाजायची आणि मूठभर माती सुटायची. त्याचा धाकटा भाऊ रघू ओटीच्या पायरीवर बसून हे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"दादा, थांब जरा. पोराचा पत्ता न्हाय नि मांडव कसला घालतोस?"

धर्माजीने वर पाहिलं नाही.

"खड्ड्यातली माती काढ," तो म्हणाला.

रघू उठला आणि माती काढायला लागला. त्या घरात धर्माजीचं सांगणं मोडायची रीत नव्हती.

चंदर हा धर्माजीचा एकुलता एक मुलगा. मीठ वाहून नेणाऱ्या मचव्यावर तो खलाशी होता. शिमगा झाला आणि त्यांचा मचवा मीठ भरून मुंबईला निघाला, तो मांडवा बंदराच्या पुढे अवेळी उठलेल्या वादळात सापडला. थळच्या कोळ्यांना मचव्याचं सुकाणू मिळालं, मग दोन खलाशांची प्रेतं मिळाली. मचवा हाकणारा तांडेल आणि चंदर, दोघांचा काहीच माग लागला नाही. आणि चंदरचं लग्न तर ठरलेलं होतं, वैशाख लागता लागता, खाडीपलीकडच्या दयारामच्या राहीशी.

सल्ले द्यायला सगळं गाव ओटीवर येऊन गेलं. रघूचं म्हणणं, खबर येईपर्यंत कशालाच हात लावू नका. चंदरचा मामा म्हणाला, लग्न पुढच्या साली ढकला आणि गप्प बसा. आणखी कुणी म्हणालं, कुणा एका खलाशाला गुजरातच्या गलबताने उचललं होतं, महिन्याने तो वेरावळहून चालत घरी आला. ही गोष्ट इतक्या जणांनी सांगितली, की शेवटी तो खलाशी रेवसचा होता की उरणचा हे कुणालाच ठाऊक उरलं नाही.

धर्माजीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. आसपासच्या खारेपाटातल्या गावांत लग्न असो, बारसं असो, नाहीतर बारावं, कारभार त्याच्याकडे यायचा. दारूबंदी आल्यापासून हळदीच्या रात्रीची 'सोय'ही तोच बघायचा, आणि ती कशी होते हे कुणी विचारायचं नाही. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कुणाचा हंडा कुणाकडे गेला आणि कुणाची सतरंजी कुठे फाटली हे त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. आधी दिवस ठरवायचा आणि ठरलेला दिवस हलवायचा नाही, ही त्याची एकच पद्धत. खाडीची भरती धर्माजीला विचारून येते, अशी लोक त्याची थट्टा करायचे, आणि कार्य निघालं की त्याच्याच दारात यायचे.

"दिवस हाय तोच ऱ्हाईल," तो म्हणाला. "कामं चालू ठेवायची."

हाच निरोप खाडीपलीकडे गेला. दयाराम सरळ माणूस. त्याने उलट निरोप पाठवला, की तुमची उष्टी हळद आली की आम्ही पोरीला लावू, तुम्ही पाठवाल ती विचार करूनच पाठवाल.

खरी गोम त्या हळदीत होती. नवऱ्याच्या अंगाला लागून उरलेली हळद नवरीकडे जाते आणि तीच तिला लागते. एकदा हळद लागली आणि नवरा आलाच नाही, की ती पोर लग्नाची नाही आणि बिनलग्नाचीही नाही. तिच्यासाठी मग कुणी मागणी घालत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

चंदरची आई सोनूबाई मात्र खांबांच्या खड्ड्यांकडे बघून जगत होती. नवऱ्याच्या हट्टीपणाशी तिने आयुष्यभर भांडण केलं होतं. आता तोच हट्ट तिला आधार वाटत होता. ज्याच्या लग्नाचा मांडव पडतोय तो मेलेला कसा असेल, असा तिचा साधा हिशोब होता. रोज भरतीच्या वेळी ती खारबांधावर जाऊन उभी राहायची, खाडीत शिरणारं प्रत्येक शीड जवळ येईपर्यंत बघायची, आणि परत आली की धर्माजीला विचारायची,

"आज काय आनलंव?"

आणि रोज काहीतरी आलेलं असायचं. एकदा तांदूळ उखळात सडून झाले. एकदा बैलगाडीभर लाकडं आली. चार घरचे हंडे आणि टोप आले, चटया आल्या, वालाचं पोतं आलं, एक कोरं पांढरं धोतर आलं. धोतर बघून तिला हसू फुटलं, हळदीत ते कसं पिवळंधम्मक होईल ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. मांडवाच्या पहिल्या खांबाला आंब्याचा टहाळा बांधून पूजा करायची राहिली होती. तिने आठवण केली तेव्हा तो "करू" म्हणाला. हळदीच्या जेवणाच्या बोकडांचं विचारलं तेव्हा "ऐन वक्ताला बघू" म्हणाला. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला किती टोचायचं, म्हणून ती गप्प बसली.

शेजारची केसर एकदा तांदूळ पाखडायला आली आणि दारातच आवाज खाली करून बोलायला लागली. सोनूबाईने सूप आदळलं.

"मोट्यानं बोल ना. घरात कोन निजलाय का?"

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी ठमाबाई आली. ती धवलारीण. तिकडच्या आगऱ्यांचं लग्न लावायला भट लागत नाही, धवले गाणारी ही बाई लागते. सोनूबाईचं स्वतःचं लग्नही तिनेच लावलेलं होतं. ठमाबाईने पाय धुतले, ओटीवर टेकली आणि थोडा वेळ मांडवाकडे बघत राहिली.

"सोनू, सामान दाव बाय," ती म्हणाली. "हलकुंडं, बाशिंग, बांगड्या. एकदा नजरंखालून घालते."

"आनलंय ना सगलं," असं म्हणत सोनूबाई आत गेली.

तांदळाच्या पोत्यांमागे तिने बघितलं. वालाचं पोतं हलवून बघितलं. माळ्यावर हात घालून चाचपलं. हळकुंडं नव्हती. बाशिंग नव्हतं, बांगड्या नव्हत्या. विसरले वाटतं, असं ती मनाशी म्हणाली, आणि म्हणता म्हणता थबकली. धर्माजी कधी काही विसरत नसे.

मग जे नव्हतं ते सोडून, जे होतं त्याच्याकडे तिने बघितलं. तांदूळ, वाल, लाकडं, हंडे, चटया. कोरं धोतर. गेल्या साली सासू गेली तेव्हा बाराव्याचं सामान याच कोपऱ्यात, असंच रचून ठेवलेलं होतं. त्यात यापेक्षा काही कमी नव्हतं आणि जास्तही नव्हतं.

ती मागच्या दाराने बाहेर पडली. धर्माजी कुऱ्हाडीने ओंडके फोडत होता.

"हलद न्हाय आनलीव," ती म्हणाली.

त्याची कुऱ्हाड थांबली.

"बाशिंग न्हाय. बांगड्या न्हाय. बोकड न्हाय. टहाला न्हाय बांधलाव."

"अगो, ऐक."

"कवा ठरवलंव? सुकानू मिलालं तवाच?"

धर्माजी ओंडक्यावर बसला.

"ठरवलं न्हाय," तो म्हणाला. "जल्मात पयल्यांदा मला ठरवताच आलं न्हाय. म्हनून दोन्हीकडं लागल तेवडंच आनलं."

"नि मी येडी रोज इचारते, आज काय आनलंव!"

"काम थांबवलं असतं तर तू त्या बांधावरून उटली नसतीस."

"पोराचं लगीन नि पोराचं बारावं एकाच तांदलात घातलंव तुमी?"

तिला त्याचा राग आला. इतका राग तिला समुद्राचाही आला नव्हता. समुद्राने पोराला नेलं असेल किंवा नसेल, पण या माणसाने त्याला घरात बसून अर्धा पुरला होता, आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून हात धुवायला पाणी घेतलं होतं.

"उद्या हलद जाईल," ती म्हणाली. "मी नेईन."

"अगो, पोरगी लोकाची हाय."

"नि पोरगा कोनाचा हाय?"

तो उठला आणि फोडलेली लाकडं रचायला लागला.

सकाळी तिने केसरकडून हळकुंडं मागून आणली आणि पाट्यावर वाटली. चंदरचा एक जुना सदरा दांडीवर होता. तो पाटावर पसरून तिने त्याच्या दोन्ही खांद्यांना हळद लावली, छातीला लावली, आणि उरलेली वाटीत भरली. ठमाबाई दारात उभी राहून बघत होती. ती धवला म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही. सोनूबाईने वाटी पदराखाली घेतली आणि धक्क्याकडे निघाली, तेव्हा धर्माजी मांडवातच होता. तो तिला अडवू शकला असता. तो खांबाला हात लावून उभा राहिला आणि ती होडीत बसेपर्यंत तसाच उभा होता.

खाडीपलीकडे दयारामच्या घरी बायका जमलेल्या होत्या, पण घरात लग्नघराचा गलबला नव्हता. सोनूबाईच्या पदराखालून वाटी निघाली आणि सगळ्या एकदम उठल्या. दयाराम ओटीवरून जवळजवळ धावत आला.

"आली! हलद आली!" तो ओरडला. "सांगत होतो ना, धर्माजीची हलद उगीच यायची न्हाय!"

पुढचं कुणी विचारलं नाही. वाटी आली म्हणजे पोरगा आला, हे सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. दुसरीने राहीला धरून आणलं आणि पाटावर बसवलं.

सोनूबाईने तिला साखरपुड्याला पाहिलं होतं, त्यालाही बरेच दिवस झाले होते. पोर इतकी लहान असेल हे तिच्या लक्षात नव्हतं. जुनेर नेसवलेलं, केस मोकळे सोडलेले, आणि मिठागरात राबून तडकलेले दोन्ही हात तिने समोर धरले होते. सोनूबाईने वाटीत बोटं बुडवली.

राहीने मान वर केली नाही. शेजारच्या बाईलाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं,

"आये, आलं का ते?"

एवढ्या माणसांत विचारलं ते तिने एकटीने. सोनूबाईकडे उत्तर तयार होतं. येल, असं ती इतके दिवस प्रत्येकाला सांगत आली होती, रघूला, केसरला, बांधावर भेटलेल्या परक्या माणसालासुद्धा. तिने तोंड उघडलं. समोर ते हात तसेच धरलेले होते. बोटांवरची हळद ओघळून मनगटापर्यंत आली.

"न्हाय," ती म्हणाली.

बायकांची कुजबुज थांबली.

"न्हाय आला. न्हाय यायचा तो, बाय. ऊठ."

राही उठेना. तिला काही कळलंच नसावं. सोनूबाईने वाटी खाली ठेवली, कोरड्या हाताने तिचा दंड धरला आणि तिला पाटावरून उठवलं. पिवळा हात तिने लांब, पाठीमागे धरला होता. पोरीच्या आईने तेव्हा हंबरडा फोडला. दयाराम ओटीच्या कडेला बसला, त्याने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, आणि थोड्या वेळाने एकदाच सोनूबाईला हात जोडले.

परतताना ओहोटी लागली होती. तिने वाटी खाडीत धुतली. बोटांचा रंग गेला नाही.

धर्माजी धक्क्याच्या खाली चिखलात उभा होता. त्याने आधी तिच्या हाताकडे बघितलं, मग रिकाम्या वाटीकडे. त्याचा चेहरा पडला.

"लावलीस?"

"न्हाय."

दोघं बांधावर चढून घराकडे चालायला लागली, ती पुढे आणि तो मागे. एका बाजूला मिठागरं पांढरी पडली होती, दुसऱ्या बाजूला कापलेली शेतं. अर्ध्या वाटेवर आल्यावर सोनूबाईने मागे न बघता विचारलं,

"आता काय काय आनायचं रायलंय?"

असल्या प्रश्नाचं उत्तर धर्माजीच्या तोंडावर असायचं. या वेळी त्याने चालता चालता बोटांवर मोजलं, तांदूळ, वाल, लाकडं, हंडे, चटया, धोतर.

"काय न्हाय," तो म्हणाला. "सगलं घरात हाय."