बिनआवाजी कोट

यादवरावांची एकतीस वर्षं वनखात्यात गेली, आणि त्यातली बरीचशी भीमाशंकरच्या रानात चोरटे शिकारी पकडण्यात. अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो हौसेनं हरणाच्या शिकारीला निघालेला. एडिनबराला लेकीच्या घरी येऊन दोन दिवस होतात न होतात, तोच पुष्करनं चहा पिता पिता सांगून टाकलं की दिवाळी आटोपली की शनिवारी तो वर डोंगरात, हायलँड्समध्ये, शिकारीला जाणार आहे. गिरिजाबाईंनी कपाळाला हात लावला. यादवरावांनी घोट गिळला आणि विचारलं, "परवानगी आहे का?"

परवानगी होती. सगळं कायद्यात बसणारं होतं. पुष्करनं नीट समजावून सांगितलं: इथल्या डोंगरांतले लांडगे केव्हाच संपले, हरणं बेसुमार वाढली, ती कोवळी झाडं वर येऊच देत नाहीत, म्हणून दर वर्षी ठरावीक माद्या माराव्या लागतात. त्याच्या ऑफिसातल्या मित्राचा मामा डोनल्ड हेच काम नोकरी म्हणून करतो, आणि तोच पुष्करला सोबत नेणार होता. यादवरावांना हे पचायला एक दिवस लागला. मग त्यांनी निकाल दिला की आपल्याकडे हे काम बिबट्या बिनपगारी करतो, इथे डोनल्डला पगार द्यावा लागतो, एवढाच फरक.

त्यांना घोर लागला होता तो वेगळाच. लेकीच्या लग्नानंतरची ही पहिली दिवाळी. दिवाळसणाला जावयानं सासुरवाडीला यायचं, पण पुष्करला रजा मिळेना, म्हणून सासू-सासरेच विमानात बसून जावयाच्या दारी आले होते. कारभार आधीच उलटा झालेला. निदान आहेर तरी सरळ व्हावा. गिरिजाबाईंनी पुण्याहून सुटाचं कापड आणलं होतं. पण बॅगा ठेवायला लेकीनं, चैत्रालीनं, कपाट उघडलं आणि यादवरावांना साखरपुड्यातलं सुटाचं कापड दिसलं, खोक्यात, रिबिनीसकट. पुष्करचा काही दोष नव्हता. तो बिचारा घरी बसून कॉम्प्युटरवर काम करी. सूट घालून कुणाला दाखवणार? तरी यादवरावांना ते लागलं. एका खोक्यावर दुसरं खोकं ठेवायला आपण एवढ्या लांब आलो नाही, असं त्यांनी बायकोला बजावलं. या वेळी पोराच्या अंगावर राहील असंच काहीतरी द्यायचं, आणि तेही आपल्या पेन्शनीतून.

संधी आपण होऊन चालत आली. गेल्या वर्षी डोनल्डबरोबर गेला असताना पुष्करचं जाकीट दीड तासात गळायला लागलं होतं. तो इतका कुडकुडला की डोनल्डला अर्ध्या वाटेवरून मागे फिरावं लागलं, आणि परतताना गाडीत तो माणूस चकार शब्द बोलला नाही. त्यानं पुन्हा बोलावलं हेच नशीब. त्यामुळे पुष्करला पावसाचा चांगला कोट हवा होता, फार महाग नसलेला. यादवराव म्हणाले, चल, मीही येतो.

दुकान तीन मजली होतं. पुष्करनं घरूनच अभ्यास केला होता. कुठला कोट किती पाणी झेलतो, शिवणी आतून चिकटवल्यात की नाहीत, लोकांनी किती तारे दिलेत, याचा तक्ताच त्याच्या फोनवर तयार होता. यादवरावांनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते एकेका कोटाची बाही चिमटीत धरून कानापाशी चोळत सुटले. दुकानातली मुलगी लांबून बघत होती. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं असं तिला वाटलं असणार. शेवटी एक कोट त्यांना पसंत पडला, मऊ, कितीही चोळला तरी मुका. पुष्करनं त्याची किंमत वाचली आणि तो हळूच परत अडकवून ठेवला. सासऱ्यांची पेन्शन किती हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यांना खड्ड्यात घालायची त्याची इच्छा नव्हती. त्यानं सेलमधला एक हिरवा कोट उचलला. स्वस्त कोटांच्या तक्त्यात तो पहिला आला होता.

यादवरावांनी त्याची बाही चोळली. खर्रर्र झालं.

"हा बोलतो," ते म्हणाले.

पुष्करला हसू आलं, पण अदब सुटली नाही. "बाबा, वर विंड एवढा असतो ना, काही ऐकूच येत नाही. मेन इश्यू पाण्याचा आहे. हा टोटली वॉटरप्रूफ आहे."

जावयाशी वाद घालायची यादवरावांकडे रीत नव्हती. निदान पैसे तरी आपण द्यावेत म्हणून त्यांनी पाकीट काढलं, आणि त्यातलं खास या प्रवासासाठी काढलेलं कार्ड सापडेपर्यंत पुष्करनं मशीनला फोन टेकवलासुद्धा. टुक वाजलं आणि व्यवहार संपला. राहू द्या हो बाबा, सेलमधलाच तर आहे, असं तो म्हणाला. त्यानं हे मायेपोटीच केलं होतं. पण उघडं पाकीट हातात धरून उभ्या राहिलेल्या यादवरावांना त्या क्षणी फार वाईट वाटलं.

पाडव्याला ओवाळणं झालं आणि ताटात सुटाचंच कापड गेलं. पुष्करनं वाकून नमस्कार केला, कलर मस्त आहे म्हणाला, आणि खोकं कपाटात पहिल्या खोक्यावर जाऊन बसलं. यादवरावांनी त्या दिवशी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाबाई त्यांना ओढत चॅरिटी शॉपमध्ये घेऊन गेल्या. लोक घरातल्या जुन्या वस्तू तिथे देऊन टाकतात आणि त्या विकून आलेले पैसे धर्मादाय कामाला जातात. गिरिजाबाईंना तिथल्या कपबशांचं वेड लागलं होतं. त्या कपबशांत रमल्या तशी यादवरावांची नजर कपड्यांच्या रांगेकडे गेली. एक शेवाळी रंगाचा कोट होता, वरून लोकरीसारखा मऊ, आत पाणी अडवणारं जाड अस्तर. किंमत बावीस पौंड. त्यांनी बाही कानापाशी नेली, चोळली, पुन्हा चोळली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. वनखात्यानं दिलेला रेनकोट त्यांनी सगळी नोकरी ट्रंकेत ठेवला होता आणि पावसात घोंगडीच पांघरली होती. प्लास्टिक पांघरून आलेला शिकारी त्यांना दिसायच्या आधी ऐकू येई. घोंगडीतले यादवराव मात्र शिकाऱ्याला कधीच ऐकू आले नाहीत.

गिरिजाबाईंनी कोट पाहिला आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं. "जावयाला कुणाच्या तरी अंगावरचा कपडा द्यायचा? तोही दिवाळसणाला?"

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. परक्याचं उतरलेलं वस्त्र जावयाला दिलं हे गावी कळलं असतं तर पुढची दहा लग्नं तेवढाच विषय पुरला असता. यादवरावांनी बाही आणखी एकदा चोळली. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तो सरळ स्वतःच्या अंगात चढवला.

"जावयाला कोण देतंय?" ते म्हणाले. "मी मला घेतोय."

ते दोन दिवस त्यांनी कोट अंगावरून उतरवला नाही. एडिनबराच्या पावसानंही साथ दिली. सकाळ-दुपार ते जवळच्या लीथ बंदराच्या धक्क्यावर जाऊन पावसात उभे राहत. जाताना फराळाच्या डब्यातली एक चकली साध्या कागदात गुंडाळून आतल्या खिशात टाकत आणि परत आल्यावर मोडून बघत. आपले बाबा भिजत चकल्या खातात हे चैत्रालीनं खिडकीतून पाहिलं आणि डॉक्टरला दाखवायला हवं का, असं आईला हळूच विचारलं. गिरिजाबाई म्हणाल्या, तीस वर्षांपूर्वीच दाखवायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पुष्कर सॅक भरत असताना यादवरावांनी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि पाठमोरे बसले.

"मी हरीण," त्यांनी जाहीर केलं. "तू नवा कोट घाल आणि मागून ये. ऐकू आलं की मी हात वर करीन."

पुष्करनं बायकोकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. तो पॅसेजच्या टोकाला गेला आणि निघाला. पहिल्याच पावलाला यादवरावांचा हात वर. पुन्हा, अगदी बेतानं. दुसऱ्या पावलाला हात वर.

"पळालो मी," यादवराव म्हणाले. "आता खुंटीवरचा माझा कोट घाल."

या वेळी खोली शांत राहिली. बाहेर एक बस गेली. यादवराव कान टवकारून बसले होते, आणि एकतीस वर्षं मुरलेल्या त्या कानांना काहीच लागत नव्हतं. मग अचानक त्यांच्या खांद्यावर हात पडला. ते चांगलेच दचकले. लग्नाला आठ महिने झाले होते. इतके दिवस पुष्कर फक्त वाकून पायांनाच हात लावत आला होता. खांद्यावरचा हात त्यानं लगेच काढलाही नाही.

"ओ माय गॉड, बाबा," तो हळू आवाजात म्हणाला. "मग लास्ट इयर मी भिजलो नसतो, तरी काही चान्स नव्हता." आणि मग पोराची मूळ शंका आलीच, पाण्याचं काय?

यादवरावांनी त्याला आतल्या खिशात हात घालायला सांगितलं. चकली निघाली. दुपारभर ती यादवरावांबरोबर पावसात उभी होती. पुष्करनं मोडली, कुडुम आवाज झाला, आणि अर्धी त्यानं सासऱ्यांना दिली.

"पण हा तर तुमचा कोट आहे," तो चावता चावता म्हणाला.

"माझाच आहे," यादवराव म्हणाले. "माझा आहे म्हणून तर तुला घालायला देता येतो. बापाचा कोट मुलानं घातला तर कोण काय म्हणणार आहे?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या गिरिजाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कढईत काहीतरी करपलंय असं सांगून आत गेल्या. कढई ओट्यावर पालथी होती.

शनिवारी दिवसभर पाऊस कोसळला. डोंगरात फोनला रेंज नव्हती. यादवरावांनी जेवण अर्धं टाकलं, पेपर उलटा धरला, आणि कोट गळला तर काय तोंड दाखवायचं या विचारानं खिडकीपाशी फेऱ्या मारल्या. सात वाजता दार उघडलं. पुष्करची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती, नाक लाल झालं होतं आणि चेहरा नुसता फुलला होता. कोट न काढताच त्यानं सगळं सांगून टाकलं. शेवटचा चढ ते पोटावर सरपटत गेले, थेट शंभर पावलांवर. एकाही मादीनं मान वर केली नाही. गोळी डोनल्डनं घातली. एकाच गोळीत पडली का, यादवरावांनी विचारलं. एकाच, पुष्कर म्हणाला, तिला कळलंसुद्धा नसेल. यादवरावांनी मान डोलावली. परतताना डोनल्ड गाडीत अखंड बोलत होता. त्यानं कोटाची बाही चोळून पाहिली आणि हा कुणी निवडला ते विचारलं. पुष्करनं सांगितलं, आमच्या सासऱ्यांनी; त्यांनी जन्मभर शिकारी पकडले आहेत.

चैत्राली म्हणाली, कोट काढ आता, बाबांचा आहे. पुष्कर तसाच ओल्या कोटात सोफ्यावर मांडी ठोकून बसला.

"मी रुसलोय," तो म्हणाला. "दिवाळसणाला जावयाला रुसता येतं ना? मला हा कोट पाहिजे."

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या, निरांजन लावून ताट घेऊन आल्या आणि चिखलानं माखलेल्या जावयाला पुन्हा एकदा ओवाळलं. यादवरावांनी चष्मा काढून पुसला आणि पाऊस बराच आहे, असं म्हणाले.

रविवारी सकाळी ते उठले तेव्हा घर सामसूम होतं. कपाटात सुटाची दोन खोकी एकावर एक नीट बसलेली होती. त्यांनी दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. पुष्कर कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेला होता, आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.