आठ दात आणि एकेचाळीस दात

सामर्थ्य मोजकेच मिळते. ज्याला त्यातून वेग हवा, त्याने भाराची आशा सोडावी. ज्याला भार वाहायचा आहे, त्याने वेगाचा लोभ सोडावा. हा नियम कोणाच्याही इच्छेने बदलत नाही. मला तो एका चढणीवर, स्वतः निरुपयोगी होऊन पडलेली असताना, पुरता उमगला.

मित्रांनो, मी एक जुनी क्राउन-पिनियनची जोडी आहे. पिकअप गाडीच्या मागच्या आसाच्या पोटात तेलात बुडून फिरणारी दोन दातेरी चाके, ती मी. लहान चाकाला आठ दात, मोठ्याला एकेचाळीस. इंजिनाकडून येणारा दांडा पाच फेरे आणि वर आठवा हिस्सा फिरतो, तेव्हा कुठे मागची चाके एकदा फिरतात. म्हणून माझी गाडी संथ. पण तिची ओढ अपार.

कारखान्यात माझी दोन्ही चाके एकमेकांवर घासून जुळवली आणि दोहोंवर एकच क्रमांक कोरला. आठ आणि एकेचाळीस या संख्याही कशा निवडल्या पाहा! मोठे चाक आठ वेळा फिरेपर्यंत माझा प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला एकदा भेटून येतो. कोणी कोणाला परका राहत नाही, कोणा एकावरच झीज येत नाही. हे योजणाऱ्या अज्ञात बुद्धीपुढे मी आजही नतमस्तक होते.

पिंपळनेरच्या भिकाआबांकडे मी बावीस वर्षे राबले. डोंगरातल्या पाड्यांवर मी बियाणे चढवले, पत्रे चढवले, एकदा तर वऱ्हाडही चढवले. पण पुढे महामार्ग रुंद झाला आणि नव्या गाड्या सूं करून पुढे जाऊ लागल्या. त्यांतला कोणी खिडकीतून ओरडे, "आबा, गाडी शे का बैलगाडी?" आबा हसत, पण ते हसू ओठांपलीकडे जात नसे.

त्याच दिवसांत वरच्या पाड्यावरच्या तानुबाईंच्या बचतगटाला पिठाची चक्की मंजूर झाली. तोवर तेथील बाया दळणासाठी डोक्यावर पाटी घेऊन तीन कोस खाली उतरत. चक्की धुळ्याहून आणायची होती. इतरांचा माल चढवताना दोन नव्या गाड्या निम्म्या चढावरूनच परतल्या होत्या, म्हणून तानुबाईंची सारी भिस्त आबांवर होती.

धुळ्यात आबा आधी जीवराम मिस्त्रींकडे गेले. भंगारातल्या एका गाडीची वेगवान जोडी तेथे होती; लहान चाकाला नऊ दात, मोठ्याला सदतीस.

"पयनं पाहिजे का चढनं?" पळणे हवे की चढणे, असे मिस्त्रींनी विचारले. "दोन्ही एकजागे नही भेटत, आबा."

"आते जरा पयू दे," महामार्गावरचे टोमणे आठवून आबा म्हणाले.

मिस्त्रींनी मला उतरवले. आबा मला भंगारात टाकू लागले, तेव्हा मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. "नंबर एक शे दोन्हीसना. फोडू नका जोडी." माझी दोन्ही चाके तारेने एकत्र बांधून त्यांनी मला हौद्यात ठेवले, आणि मग चक्की माझ्या शेजारी चढली.

महामार्गावर गाडी वाऱ्यासारखी धावली. आबा गात होते. मात्र पिंपळनेरच्या वरच्या चढणीवर पहिल्या गिअरमध्येही इंजिन गुदमरले, क्लच जळल्याचा वास सुटला, आणि गाडी मागे सरू लागली. वाट पाहत उभ्या असलेल्या बायांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले. मी हातभर अंतरावर होते, मित्रांनो, आणि काहीही करू शकत नव्हते.

तानुबाई म्हणाल्या, "वाट तीच शे, गाडी बी तीच शे. मंग काय बदलनं, भिकाभाऊ?"

आबा उतरून हौद्याशी आले. मग म्हणाले, "मीच बदलनू, अक्का."

तारेने बांधलेली मी त्यांना दिसली. त्यांनी गाडी सावकाश खाली उतरवली आणि मिस्त्रींना बोलावून घेतले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला पुन्हा आसात बसवले, आणि दात एकमेकांवर नीट टेकतात का हे पाहायला त्यांना रंग लावून, फिरवून, ठसा तपासला. "जुनं घर इसरनी नही," ते पुटपुटले. क्लचही नवा बसवला, माझ्यावर ताजे तेल ओतले.

नंतरची चढण मी कशी सांगू! बायका चालत होत्या, आणि मीही त्यांच्याच पावलाने. एक दात सुटे, तोवर दुसरा भार झेली. एकदाही गाडी थांबली नाही. पाड्यावर पोहोचल्यावर तानुबाईंनी मागच्या चाकाला हळद-कुंकू वाहिले, आणि आबांना म्हणाल्या, "बैलगाडीच शे, भाऊ. पण मनी चक्की उनी!" त्यांची चक्की खरेच आली होती, आणि या वेळी आबांचे हसू डोळ्यांपर्यंत गेले.

मित्रांनो, संथ चालणाऱ्याला हिणवू नका. त्याच्या पाठीवर काय आहे ते आधी पाहा. आणि जे जोडीने झिजले, त्यांना वेगळे करू नका. वेळेवर तेल द्या, एवढेच माझे मागणे.

त्या पाड्यावरच्या प्रत्येक चुलीवर रोज भाकरी फुगो. तार बांधणाऱ्या त्या हातांना, आणि "मीच बदलनू" म्हणणाऱ्या त्या ओठांना, सुख लाभो.