अंगठ्यातली दुसरी कंडरा

त्वचा.

टीपॉयची काच सरांच्या पायावर पडली होती. जखम अंगठ्याच्या मुळाशी, लांबट. टेबलाशी उभी असलेली सर्जन एके काळी त्यांचीच विद्यार्थिनी. मास्कमुळे सरांनी तिला ओळखलं नाही. तिने आवाजावरूनच ओळखलं.

"अंगठा उचलतोय, बघा. म्हणजे कंडरा शाबूत. नुसती कातडी शिवा. उभा जन्म शरीररचना शिकवलीय मी, बाई!"

तेव्हाचं.

तोंडी परीक्षा. समोर प्रेत. तिच्या चिमट्यात अंगठा उचलणारी कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, आणि कडेने आणखी एक, बारीक.

"सर, इथे दोन आहेत."

सरांनी वाकूनही पाहिलं नाही. "पुस्तकात एक आहे. मुलींना दोरी दिसली की शिवणकाम आठवतं. सहा महिन्यांनी या, डबल दोरी!"

सगळे खो खो हसले. नापास. कॉलेजभर तेच नाव चिकटलं. तळपायाची आग मस्तकात गेली, ती उतरलीच नाही.

त्वचेखाली.

तिने जखम फाकवली. मुख्य कंडरा तुटून टोक वर पळालेलं. अंगठा उचलत होती ती शेजारची, बारीक.

सरांच्याच पायात. दुसरी!

शिवावी नुसती कातडी? त्यांचाच तर हुकूम. बारकी किती तग धरणार? मग सर उंबऱ्याउंबऱ्याला ठेचकाळतील आणि कारण कधीच कळणार नाही.

तिने सुई उचललीसुद्धा.

कारण कधीच कळणार नाही.

छे! गुपचूप सूड म्हणजे अंधारातल्या वाकुल्या. बघणार कोण?

"सिस्टर, आरसा. आणि शिकाऊ डॉक्टरांना बोलवा. सगळ्यांना."

पाय बधिर, सर शुद्धीत. शिकाऊ डॉक्टर भोवती जमले, आरसा धरला गेला.

"सर, तोंडी परीक्षा. ही तुटलीय. मग अंगठा कोण उचलतंय?"

"असेल… एखादा तंतू."

तिने चिमट्याने बारकी ओढली. सरांचा अंगठा सलाम ठोकल्यासारखा उठला. कोणीतरी फिसकन हसलं.

"किती, सर?"

"दोन."

"मागे ऐकू आलं नाही."

"दोन! दोन आहेत, बाई!" मग मास्कवरचे डोळे पाहून ते चपापले. "तू… डबल दोरी?"

"मॅडम म्हणा."

तिने पळालेलं टोक ओढून आणलं, जोडलं. एक टाका वाकडा नाही. शिवणकाम तिला येतच होतं.

"धड चालायला कधी लागेन… मॅडम?"

"सहा महिन्यांनी या."