उरण धरायचं का?

वर्षाला गाडी किती किलोमीटर चालेल, एवढंच भाविकाला हवं होतं. गाडी विजेवरची, तीन वर्षं भाड्यानं. भाडं किलोमीटरवर ठरणार आणि ठरल्यापेक्षा जास्त फिरली की वर पैसे. कंपनीतर्फे ती गाडीच घेऊन पनवेलला परेशच्या दारात आली होती.

परेशनं मोजायला घेतलं. रोजचं ऑफिस, पोराची कामोठ्यातली शिकवणी. मग हळदी. आगरी माणूस वर्षाचा अंदाज मे महिन्यापासूनच धरतो. एका संध्याकाळी चार गावांत हळदी, आणि चारही ठिकाणी तोंड दाखवलंच पाहिजे.

"बहीण उरणला असते म्हणालात. ते धरू ना?" भाविकानं विचारलं.

परेशच्या वडिलांनी, कमळाकरांनी, पाय टेकून झोपाळा थांबवला. "उरन नाय धरायचं."

लेकीच्या, किशोरीच्या लग्नात कमळाकरांनी धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला मालू धवलारणीला मानानं नेलं होतं. ती गायला लागली आणि व्याह्यांनी डीजे लावला. मालू शेवटपर्यंत गात होती म्हणतात. ऐकलं कुणीच नाही. तेव्हापासून कमळाकर लेकीच्या घरी गेले नव्हते. आता या आकड्यात उरण बसलं नाही तर आणखी तीन वर्षं बसणार नाही, हे परेशला दिसत होतं.

"आधी चक्कर तर मारू," तो म्हणाला.

कमळाकर पुढे बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चालू कवा करतोस?"

"बाबा, पळस्पे आलं."

हे ऐकून ते झोपले. गाडीला आवाजच नाही म्हटल्यावर जागं राहायला निमित्त उरलं नाही. फाट्यावर परेश परत फिरणार, तोच ते झोपेत म्हणाले, "उजवीकडं घे."

परेशनं उरणच्या रस्त्याला घेतली. झोपलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

"टेस्ट ड्राइव्ह इथपर्यंतच असते," मागून भाविका म्हणाली.

"त्यांना सांगा."

तिनं वाकून त्यांच्या कानात नियम सांगितला. "बस गं पोरी," कमळाकर घोरता घोरता म्हणाले, "खारजमीन आली."

कंटेनरच्या रांगा होड्यांसारख्या मागे सरकत होत्या. मिठागरांत ऊन साचलं होतं. बगळ्यांना गाडी गेल्याचं कळलंच नाही. भाविकालाही पुढे कळेनासं झालं, गाडी चाललीय की उरणच जवळ येतंय.

किशोरीच्या दारातलं कुत्रं भुंकलं नाही. तीच बाहेर आली आणि काचेपाशी थबकली.

"बाबा?"

"मी झोपलोय."

"मंग झोपंतच चाय घे."

कमळाकर डोळे मिटून उतरले, हात पुढे करून उंबरा ओलांडला आणि व्याही काशिराम यांच्या पायावर पाय दिला. काशिरामांनी खुर्ची पुढे सरकवली.

"मालूचा आवाज आयकला नाय तुमी," कमळाकर म्हणाले.

"नाय आयकला," काशिराम म्हणाले. "धाकट्याची हळद हाय. तिला घेऊन या. डीजेवाल्याला मी घरी बसवतो."

दारातून भाविकानं हळूच विचारलं, "मग उरण धरायचं?"

कमळाकरांनी एकच डोळा उघडला, तोही किशोरीकडे.

"दर आयतवारी धर," ते म्हणाले. "झोप लागली तर मधीपन."

किशोरीनं त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.